भाड्याचे गोठलेले आकडे : बंगळुरूचा भाडेकरू आणि कायद्याचे संरक्षण

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन मूलभूत गरजांपैकी निवारा ही गरज शहरात नव्याने आलेल्या माणसाला सहसा विकत घेता येत नाही. ती महिन्याच्या हिशेबाने भाड्याने घ्यावी लागते. असे असूनही स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण सातत्याने घटत गेले. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार १९६१ साली नागरी भागातील ५४ टक्के घरे भाड्याची होती. २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. त्याच २०११ च्या जनगणनेत नागरी भागात १ कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. घरे रिकामी आणि माणसे घराच्या शोधात, या विसंगतीचे खापर बहुधा भाडे नियंत्रण कायद्यांवर फोडले जाते. मुंबईच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु बंगळुरूची कथा उलट्या दिशेने जाते. तेथे भाडे नियंत्रण कायदा कागदावर कायम असूनही बहुसंख्य भाडेकरूंपुरता तो संपुष्टात आला, आणि त्यासाठी तो रद्द करण्याची गरजही भासली नाही. कायद्यातील एक आकडा न बदलणे तेवढ्यासाठी पुरेसे ठरले.

युद्धकाळाचे अपत्य

भाडे नियंत्रणाचा जन्म युद्धकाळात झाला. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरातील शस्त्रास्त्र कारखान्यांभोवती घरांची टंचाई निर्माण झाली आणि मालकांनी भाडी वाढविली. १९१५ साली मेरी बार्बर यांच्यासारख्या गृहिणींच्या पुढाकाराने हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे देण्यास नकार दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश संसदेने भाडी गोठविणारा कायदा केला. पुढे १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात युद्धकालीन भाडे निर्बंध कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात हीच उपाययोजना पुन्हा झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ संमत झाला.

आजच्या कर्नाटकाचा प्रदेश त्या काळी एका छत्राखाली नव्हता. म्हैसूर राज्यात १९५१ चा घरभाडे व निवास नियंत्रण अधिनियम होता, गुलबर्गा भागात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा होता. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार या पूर्वीच्या मुंबई राज्यातील जिल्ह्यांत मात्र १९४७ चा मुंबईचाच कायदा चालत असे. अर्थात बेळगावच्या भाडेकरूला आणि गिरगावच्या भाडेकरूला काही काळ एकाच अधिनियमाचे संरक्षण होते. राज्य पुनर्रचनेनंतर १९६१ साली म्हैसूर भाडे नियंत्रण अधिनियम करून हे सर्व कायदे एकत्र करण्यात आले. राज्याचे नाव बदलल्यावर तोच कर्नाटक भाडे नियंत्रण अधिनियम म्हणून ओळखला जाऊ लागला.

या १९६१ च्या कायद्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण पुढे जे गेले ते नेमके काय होते हे त्यावरूनच कळते. त्यात दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या. पहिली, वाजवी भाडे ठरवून घेण्याचा हक्क. दुसरी, निष्कासनापासून संरक्षण. कलम २१ मध्ये जी कारणे दिली होती त्यांपैकी एखादे न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय मालकाला घर परत मिळत नसे. भाडे थकविणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी घराची खरीखुरी गरज असणे, ही त्यांतील प्रमुख कारणे. मालकाची गरज सिद्ध झाली तरी घर सोडल्याने भाडेकरूला होणारा त्रास आणि न मिळाल्याने मालकाला होणारा त्रास यांची तुलना न्यायालयाला करावी लागे. याखेरीज घर रिकामे झाल्याची वर्दी मालकाने नियंत्रक अधिकाऱ्याला देणे बंधनकारक होते आणि नियंत्रक ते घर अन्य कोणास वाटून देऊ शकत असे. ही शेवटची तरतूद टंचाईच्या काळाला साजेशी असली, तरी आपले घर सरकार कोणाला देईल या भीतीने मालकांना घर भाड्याने देण्यापासूनच परावृत्त करणारी होती, हेही मान्य केले पाहिजे.

मुंबईत गोठलेले भाडे

मुंबईच्या कायद्यात प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी जोडलेले होते. महागाई वाढली, नगरपालिकेचे कर वाढले, गवंड्याची मजुरी वाढली; भाडे मात्र तेथेच राहिले. दुरुस्ती करणे मालकाला परवडेना आणि इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ साली शासनाला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा करून उपकर बसवावा लागला. त्या वेळी १९ हजारांहून अधिक जुन्या इमारती उपकरप्राप्त ठरल्या. अधिकृत भाडे नगण्य आणि घराची किंमत प्रचंड, या दरीतून ‘पागडी’ फोफावली.

‘मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये या प्रश्नाचा निकाल दिला. एके काळी वाजवी असलेली तरतूद काळाच्या ओघात अवाजवी होऊ शकते आणि प्रमाण भाड्याच्या तरतुदींचे तसेच झाले आहे, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्यामुळे तरतुदी तत्काळ रद्द केल्या नाहीत. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि त्यात मालकाला दर वर्षी ४ टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला. परीक्षार्थींनी या निकालाकडे केवळ मालकांचा विजय म्हणून पाहू नये. ‘काळ बदलला की गोठलेला आकडा मनमानी ठरतो’ हा त्यातील युक्तिवाद भाडेकरूंच्याही उपयोगी पडू शकतो. बंगळुरूत तो पडावयास हवा.

साडेतीन हजारांची रेषा

केंद्र शासनाने १९९२ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडे नियंत्रण विधेयकाचा मसुदा प्रसृत केला. दिल्लीत त्याआधीच, १९८८ च्या दुरुस्तीने, दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे कायद्याच्या कक्षेबाहेर काढण्यात आली होती आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा वैध ठरविली. अधिक भाडे देऊ शकणाऱ्याला संरक्षणाची गरज नाही, हा त्यामागील तर्क. कर्नाटकाने नवा भाडे अधिनियम, १९९९ करताना हाच आकडा घेतला. हा कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून लागू झाला. बंगळुरूसारख्या मोठ्या शहरांत दरमहा ३,५०० रुपये आणि अन्यत्र २,००० रुपये यांहून अधिक भाड्याच्या निवासी जागा, तसेच १४ चौरस मीटरहून मोठ्या अनिवासी जागा त्यातून वगळण्यात आल्या.

कायद्याच्या आत राहिलेल्यांसाठी तरतुदी वाईट नव्हत्या. प्रमाण भाडे बांधकामाचा खर्च व जमिनीची किंमत यांच्याशी जोडले गेले. त्यात वाढीची सोय झाली. विधवा, वृद्ध, दिव्यांग आणि सैनिक अशा मालकांना स्वतःच्या घराचा ताबा लवकर मिळण्याचा मार्ग खुला झाला. भाडेकरूच्या मृत्यूनंतर वारसांचा हक्क पाच वर्षांपुरता मर्यादित झाला. मुंबईत तीन पिढ्या चालणाऱ्या भाडेकरारांच्या तुलनेत हा समतोल अधिक समंजस म्हणावा लागेल.

अडचण रेषेच्या बाहेर आहे. २००१ साली बंगळुरूची लोकसंख्या सुमारे ५७ लाख होती, २०११ मध्ये ती सुमारे ८५ लाख झाली. माहिती तंत्रज्ञान, तयार कपड्यांचे कारखाने, बांधकाम आणि या सर्वांना लागणाऱ्या सेवा यांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. भाडी वाढली. ३,५०० चा आकडा मात्र दोन दशकांहून अधिक काळ तसाच राहिला. आज त्या रकमेत शहराच्या बहुतेक भागांत स्वतंत्र स्वयंपाकघर असलेले घर मिळणे दुरापास्त आहे. पीण्या किंवा बोम्मनहळ्ळी परिसरात एका अंगणाभोवती खोल्यांची रांग आणि सामाईक नळ-शौचालय अशी वस्ती असते. कन्नडमध्ये तिला ‘वठार’ म्हणतात, आपल्या चाळीची ती बैठी बहीण. तेथे राहणाऱ्या शिलाई कामगार स्त्रीचे भाडे या मर्यादेच्या वर गेले, की कायद्याच्या दृष्टीने ती ‘संरक्षणाची गरज नसलेल्या’ सधन वर्गात जाऊन बसते.

मर्यादा ओलांडताच भाडेकरूच्या हातून काय निसटते? वाजवी भाडे ठरवून घेण्याचा हक्क जातो, हे उघड आहे. परंतु त्याच क्षणी कारणाशिवाय घराबाहेर न काढले जाण्याचा हक्कही जातो. या दोन हक्कांना एकाच रकमेच्या मर्यादेने बांधणे ही या कायद्याची मूळ त्रुटी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. श्रीमंत भाडेकरूचे भाडे बाजाराने ठरवावे, हे पटण्याजोगे आहे. त्याला विनाकारण घर सोडावे लागावे, हे त्यातून आपोआप निष्पन्न होत नाही.

अकरा महिन्यांचा भाडेकरू

रेषेबाहेरील भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम १०६ अन्वये महिनेवारी भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. कारण सांगण्याचे बंधन नाही. कलम १०७ अन्वये एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. म्हणूनच करार ११ महिन्यांचा करण्याची प्रथा देशभर रुजली. मुद्रांक कागदावर लिहिलेला, नोंदणी न केलेला हा करार संपला की भाडे वाढविता येते किंवा घर रिकामे करण्यास सांगता येते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातील कलम ५५ या बाबतीत लक्षणीय आहे. तेथे भाडेकरार असो वा ‘लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्स’चा करार, तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

तरीही एक किमान संरक्षण प्रत्येकाला आहे, आणि ते पुरेसे माहीत नसते. नोटिशीची मुदत संपली म्हणून मालकाला कुलूप तोडण्याचा किंवा सामान रस्त्यावर टाकण्याचा अधिकार मिळत नाही. त्याला न्यायालयाचा हुकूमनामा मिळवावाच लागतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ अन्वये, कायदेशीर मार्गाखेरीज ताबा हिरावला गेल्यास सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करून तो परत मिळविता येतो. अशा दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न आड येत नाही. ‘कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव’ या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधोरेखित केले. अर्थात वीज किंवा पाणी तोडलेल्या घरात राहून न्यायालयाची वाट पाहणे किती जणांना शक्य आहे, हा भाग वेगळा.

बंगळुरूच्या भाडेकरूची दुसरी मोठी तक्रार अनामत रकमेची आहे. तेथे दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. समजा भाडे १५,००० रुपये आहे. तर घरात पाऊल टाकण्यापूर्वी दीड लाख रुपये बिनव्याजी द्यावे लागतात. घर सोडताना रंगकामासाठी म्हणून एका महिन्याचे भाडे कापून घेण्याचाही प्रघात आहे. रंग लावला गेला की नाही हे भाडेकरू पाहायला येत नाही! मोठी अनामत ही निष्कासनाचेच एक साधन बनते. ती अडकलेली असताना भाडेकरू वाढीव भाड्याला विरोध करू शकत नाही आणि दुसऱ्या घराची अनामत जमविल्याशिवाय बाहेरही पडू शकत नाही.

‘लीज’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे. भाडेकरू मालकाला एकरकमी काही लाख रुपये देतो, दरमहा भाडे देत नाही आणि मुदत संपल्यावर मूळ रक्कम परत घेतो. तिचे व्याज हेच भाडे. कन्नडमध्ये याला ‘भोग्य’ म्हणतात, मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’. दरमहा भाड्याची चिंता नको म्हणून निम्न मध्यमवर्गाला हा व्यवहार सोयीचा वाटतो. कायद्याच्या नजरेने तो बहुधा भोग गहाणाच्या जवळ जातो, आणि १०० रुपये वा त्याहून अधिक रकमेचे असे गहाण नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात अनेकांच्या हाती साधा करार असतो. मालकाने तेच घर बँकेकडे तारण ठेवून कर्ज थकविले, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ताबा घेण्यास येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘हर्षद गोवर्धन सोंडागर’ आणि २०१६ च्या ‘विशाल कलसारिया’ या दोन्ही मुंबईतील प्रकरणांत वैध भाडेकरूला संरक्षण दिले. परंतु २०१९ च्या ‘बजरंग श्यामसुंदर अग्रवाल’ या निकालात नोंदणी नसलेल्या भाडेकरारांच्या बाबतीत हे संरक्षण बरेच आकुंचित केले. बंगळुरूच्या ‘लीज’धारकाची आयुष्यभराची बचत अशा एका न केलेल्या नोंदणीवर टांगलेली असते.

मोजला न जाणारा भाडेकरू

गरीब वस्त्यांतील भाडेकरूची स्थिती आणखी नाजूक असते, कारण शासनाच्या नोंदीत तो बहुधा नसतोच. कोरमंगलाजवळील एजिपुरा येथे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी महानगरपालिकेने बांधलेली घरे काही वर्षांतच मोडकळीस आली; काही इमारती कोसळल्या आणि त्याच जागी पत्र्याची घरे उभी राहिली. खाजगी विकासकाच्या भागीदारीत पुनर्विकासासाठी जानेवारी २०१३ मध्ये ही वस्ती हटविण्यात आली व हजाराहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्या वेळी मूळ वाटपधारक कोण आणि त्यांच्याकडून भाड्याने घेऊन राहणारे कोण, हा प्रश्न कळीचा ठरला. पुनर्वसनाच्या यादीत नाव मूळ वाटपधारकाचे येते. भाडेकरू कितीही वर्षे राहिलेला असो, तो यादीबाहेर राहतो. ‘ओल्गा टेलिस’ खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला, १९९५-९६ च्या ‘चमेली सिंग’ निकालात निवाऱ्याचाही समावेश केला. पण झोपडपट्टीतील भाडेकरू हा या हक्काचा स्वतंत्र धारक आहे, ही जाणीव पुनर्वसन योजनांत अजून पुरती उतरलेली नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे ठळकपणे दिसले. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये आदेश काढून स्थलांतरित मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये आणि मजूर वा विद्यार्थ्यांना घर सोडण्यास भाग पाडल्यास कारवाई व्हावी, असे सांगितले. आदेश स्पष्ट होता. तो बजावण्यासाठी लागणारे भाडे प्राधिकरण, भाड्याची नोंद किंवा तक्रार घेणारी खिडकी मात्र बहुतेक शहरांत नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या अंतर्गत परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर झाली.

संघटित कोण होते?

भाडेकरूंची बाजू मांडण्याचे काम सर्वत्र सारखे परिणामकारक का होत नाही, याचे उत्तर दिल्लीच्या उदाहरणात सापडते. दिल्ली भाडे अधिनियम, १९९५ संसदेने संमत केला, राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, तरी तो कधीच अंमलात आला नाही. जुन्या बाजारपेठांतील अल्प भाडे देणाऱ्या व्यापाऱ्यांचा विरोध इतका प्रखर होता, की एकामागून एक सरकारांनी तो लागू करणे टाळले. हे भाडेकरू एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या असलेले, एकमेकांस ओळखणारे मतदार होते. बंगळुरूचा भाडेकरू नेमका याच्या उलट आहे. तो बाहेरून आलेला, दर एक-दोन वर्षांनी घर बदलणारा, अनेकदा मतदारयादीत दुसऱ्याच गावी असलेला असतो. त्याच्या वतीने बोलणारे आवाज झोपडपट्टी संघटना आणि कामगार संघटना यांच्याकडून येतात, पण त्यांच्यापुढे वेतन व जमीन हे प्रश्न आधी उभे असतात.

जर्मनीत भाडेकरूंची वर्गणीदार मंडळे शहरोशहरी आहेत; सभासदाला करार तपासून मिळतो आणि कायदेशीर सल्लाही मिळतो. तेथील कायद्यात अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. चालू भाड्यातील वाढीला तीन वर्षांत २० टक्क्यांची, टंचाई असलेल्या भागांत १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि संदर्भासाठी नगरपालिका स्थानिक भाड्यांचे कोष्टक प्रसिद्ध करतात. येथे गोठलेला आकडा नाही. चालता आकडा आहे.

२०२१ चा आदर्श अधिनियम

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत, नोंद १८ मध्ये, जमीन व घरमालक-भाडेकरू संबंध येतात. मालमत्तेचे हस्तांतरण समवर्ती सूचीत आहे. व्यवहारात भाड्याचे कायदे राज्येच करतात. म्हणून डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात भाडे कायद्यातील सुधारणा ही राज्यांसाठी निधीची अट होती. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला आदर्श घरभाडे अधिनियमही राज्यांनी स्वीकारण्यासाठीचा नमुनाच आहे.

त्यात भाड्याच्या रकमेची कोणतीही मर्यादा नाही, हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण होय. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत सीमित केली आहे. वरील उदाहरणातील दीड लाखांचे तीस हजार होतील. करार लेखी असावा, त्याची माहिती दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणास द्यावी, वीज-पाणी तोडू नये, भाडेवाढीची तीन महिने आधी लेखी सूचना द्यावी, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. वाद सोडविण्यासाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय व भाडे न्यायाधिकरण अशी तीन स्तरांची रचना आहे. मालकाच्या बाजूनेही भरीव तरतूद आहे. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि त्यानंतर चौपट भाडे द्यावे लागते.

मात्र भाडे किती असावे याविषयी हा नमुना मौन बाळगतो. ते कराराने ठरते. आणि निष्कासनाची कारणे दिली असली तरी ते संरक्षण कराराच्या मुदतीपुरते आहे. करार अकरा महिन्यांचा असेल, तर संरक्षणही अकरा महिन्यांचेच. किमान मुदत किती असावी, नूतनीकरणाच्या वेळी किती टक्क्यांपर्यंत वाढ करता यावी आणि ती कोणत्या निर्देशांकाशी जोडावी, हे राज्यांना स्वतःच्या कायद्यात लिहावे लागेल. शिवाय हा नमुना पुढील करारांनाच लागू होतो, जुन्या भाडेपट्ट्यांना हात लावीत नाही. मुंबईच्या पागडी इमारतींतील रहिवाशांची चिंता त्यामुळे काहीशी कमी झाली.

तमिळनाडूने २०१७ मध्येच आपला नवा कायदा केला होता. २०२१ च्या नमुन्यानंतर पहिल्या काही वर्षांत आंध्र प्रदेश, उत्तर प्रदेश आणि आसाम या राज्यांनी त्याच्या धर्तीवर पावले टाकली. कर्नाटक त्यांत नव्हते. तेथील भाडेकरूंच्या मागण्या म्हणूनच दुहेरी राहतात : नवा कायदा येईल तेव्हा येवो, तोवर ३१ डिसेंबर २००१ चा आकडा तरी महागाईच्या निर्देशांकाशी जोडा, आणि घर का रिकामे करावयाचे याचे कारण प्रत्येक भाडेकरूला, त्याचे भाडे कितीही असो, लेखी द्या.